दोन्ही कागद शेजारी शेजारी लावावेत

मी, श्वे सूयून, वय सत्त्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कै. फंग ताशान यांची पत्नी, राहणार कागदवाली गल्ली, लियूछ्याओ, जिल्हा हंगयान, प्रांत आन्ह्वेई, माझ्या पश्चात काय व्हावे हे येथे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. उजवा हात थरथरतो, पण हाताच्या थरथरीचा बुद्धीशी संबंध नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट दोन जणांनी लिहू नको म्हणून सांगितले, त्यांची नावे पुढे येतीलच. सात वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण सांगायचे ते सगळे मी टाळले होते.

कलम १. राहते घर, माडीसह, माझी एकुलती मुलगी फंग हुईलान हिला द्यावे. पुढच्या खोलीत ख्वांग तोफू विकतात, त्यांना ते दुकान चालवतील तोवर उठवू नये. दुकानावरची पाटी माझ्या हातची आहे. ती लिहून घेताना त्यांनी मला एवढेच सांगितले होते, "बाई, सुंदर नसली तरी चालेल, पुलावरून दिसली पाहिजे." शहरातला एक व्यापारी अलीकडे त्या पाटीवर डोळा ठेवून आहे. पाटी दुकानाची आहे. मी मेले म्हणून ती विकण्याजोगी होत नाही.

कलम २. बँकेत जे आहे ते पासबुकात लिहिलेले आहे. तेही हुईलानचेच. आईची चांदीची बांगडी तिने घालावी, कपाटात ठेवू नये.

कलम ३. माझे सगळे कुंचले आणि कोरा कागद गावच्या प्राथमिक शाळेला द्यावा. कुंचले काचेत ठेवायचे नाहीत, वापरून झिजवायचे आहेत. गल्लीतल्या दारांवर नववर्षाच्या लाल पट्ट्या मी चाळीस वर्षे लिहून दिल्या. आता बाजारात सोनेरी छापील मिळतात. माझी विनंती अशी, की ज्याला दोन अक्षरे येतात त्याने आपल्या दाराची पट्टी आपणच लिहावी. वेडीवाकडी आली तरी पाहुण्याला कळते की या घरात कोणी तरी बसून लिहिले आहे.

कलम ४. माडीवरच्या कपाटामागे बांबूची एक जाड नळी आहे. तिच्यात चार तावांचे एक भिंतपत्रक गुंडाळून ठेवलेले आहे. त्याचे काय करायचे ते कलम ६ मध्ये सांगते. आधी ते काय आहे हे सांगणे भाग आहे, कारण ज्यांना माहीत होते त्यांतले बहुतेक गेले.

माझे गुरू मू पोछिंग. माझे वडील शाईच्या कांड्या विकत आणि गुरुजी त्यांचे जुने गिऱ्हाईक. नवव्या वर्षी मी त्यांच्याकडे बसू लागले. मुलीच्या हाती कुंचला देऊन काय करायचे, असे लोक वडिलांना विचारत. गुरुजी म्हणत, "तुम्ही तिला पंखा द्या, मी कुंचला देतो. कशाचा वारा लागतो ते बघू." माझ्याआधी तीन वर्षे हाओ ज्येमिन त्यांच्याकडे शिकत होता. मी त्याला हाओदादा म्हणते, अजूनही.

गावात गुरुजींच्या अक्षराला वजन होते. शाळेची पाटी त्यांची, धान्यकोठाराची त्यांची, लग्नपत्रिका त्यांची, थडग्यांवरची नावे त्यांची. एखादे फर्मान त्यांच्या अक्षरात लागले, तर लोक थांबून वाचत आणि मानत. म्हणूनच जपानी फौज गावात आली तेव्हा स्वागताचे फलक त्यांनी लिहावेत असा निरोप आला. गुरुजींनी मनगट मोडल्याचा बहाणा केला आणि आठ महिने हात झोळीत घालून फिरले. ती झोळी माझ्या वडिलांनी बांधून दिली होती. हे मी वडिलांच्या तोंडून लहानपणी किती वेळा ऐकले याला गणती नाही. म्हणजे पुढे मी जे केले ते अजाणतेपणी केले, असे मला म्हणता येत नाही.

१९६६ च्या भाद्रपदात मी पंचवीस वर्षांची होते, शाळेत शिकवत होते. दंडावर लाल पट्ट्या बांधलेली मुले शाळा ताब्यात घेऊन बसली होती आणि लोकांवर आरोप करणाऱ्या भिंतपत्रकांनी गावातली एक भिंत रिकामी राहिली नव्हती. हाओदादा संध्याकाळी घरी आला. त्याच्या हातात पेन्सिलीने लिहिलेला एक कागद होता.

"हे मोठ्या अक्षरांत उतरवून दे," तो म्हणाला. "उद्या सकाळी शाळेच्या भिंतीवर लागायला हवं."

मी वाचले. त्यात लिहिले होते, की मू पोछिंगने जपानी फौजेच्या स्वागताचे फलक आपल्या हाताने लिहिले आणि त्याबद्दल तांदूळ घेतला.

"दादा, हे असं झालेलं नाही."

"तुला काय माहीत? तू जन्मली तरी होतीस का?"

"झोळी माझ्या वडिलांनी बांधली होती."

"मग वडिलांचंही नाव घालू का त्यात?" तो आवाज न चढवता म्हणाला. तोही घाबरलेला होता, हे मला आज कळते. त्या आठवड्यात त्याच्या मामाचे नाव भिंतीवर आले होते. "तूच लिही. माझं अक्षर लोक लांबून वाचत नाहीत. तुझं वाचतात."

मी लिहिले. भीतीने लिहिले, हे खरे. पण भीतीने लिहिणारा माणूस वाईट लिहू शकतो. मी वाईट लिहिले नाही. गुरुजींनी शिलालेखासाठी शिकवलेले चौकोनी, खडे वळण मी त्यासाठी निवडले. ओळींमधले अंतर मोजून घेतले. हाओदादाच्या मजकुरात एक अक्षर चुकले होते, तेही मी न विचारता दुरुस्त केले. सकाळी भिंतीपुढे गर्दी झाली. ज्यांना वाचता येत नव्हते तेही उभे राहून बघत होते आणि एक म्हातारी म्हणाली, "एवढं नीट लिहिलंय म्हणजे खरंच असणार." मी तिच्या मागेच उभी होते.

दुपारी गुरुजींना तिथे आणले आणि भिंतपत्रक मोठ्याने वाचायला लावले. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, न अडखळता. अक्षर कोणाचे आहे हे त्यांना पहिल्या ओळीला कळले असणार. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. मग कोणीतरी विचारले, कोणत्या हाताने लिहिलेस, आणि बाकाचा पाय उपसून त्यांच्या उजव्या मनगटावर मारला. दोनदा.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेसमोरचा रस्ता झाडत होते, डाव्या हाताने. मी जवळून गेले. थांबायचे नव्हते, पण पाय थांबले. ते झाडता झाडता म्हणाले, "सूयून, खळ पातळ झालीय. ताव वरून सुटायला लागलेत."

त्यांना काय म्हणायचे होते ते मला आजही ठाऊक नाही. शिकवणे त्यांच्या अंगातून गेले नव्हते म्हणून ते बोलले, की ते काढून टाक असे मला सुचवत होते? मी ते चारही ताव भिंतीवरून सोडवले. नवी खळ लावून परत चिकटवायला नेते आहे, असे विचारणाऱ्याला सांगितले. घरी नेऊन घडी केली. परत चिकटवले नाही. हाओदादाने विचारले तेव्हा वाऱ्याने गेले म्हणून सांगितले आणि तोवर भिंतीवर दुसऱ्या कोणाचे नाव आले होते.

आमचे हे कागदाच्या कारखान्यात होते. लग्नानंतर मी त्यांना ताव दाखवले. त्यांनी बोटांत धरून पोत पाहिला. "कागद चांगला आहे, टिकेल," म्हणाले. "तुला टिकवायचंय की जाळायचंय ते तू ठरव." मग बांबूची नळी त्यांनीच करून दिली.

गुरुजी १९७१ च्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेले. उजव्या हातात त्यांनी पुन्हा कुंचला धरला नाही. पंधरा दिवसांनी त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही गुरुआई म्हणत असू, माझ्या दारात आल्या.

"थडग्यासाठी दगड मिळालाय," त्या म्हणाल्या. "नाव तू लिहून दे."

"मी?"

"त्यांच्यासारखं अक्षर आता तुझंच आहे. त्यांनीच केलंय ते."

मी म्हटले, मला जमणार नाही. मुलगी तान्ही आहे, असेही म्हटले. खरे कारण असे, की ज्याच्या कपाळी गुन्हेगाराची चिठ्ठी आहे त्याचे नाव माझ्या अक्षरात डोंगरावरच्या थडग्यावर उभे राहिले असते आणि ते कोणाचे अक्षर हे कोणालाही पुलावरून कळले असते. गुरुआईंनी ऐकून घेतले. "बरं," म्हणाल्या. चहा अर्धा होता, तो संपवला आणि गेल्या. आठ वर्षे गुरुजींचा दगड कोरा राहिला. १९७९ मध्ये त्यांच्यावरचा आरोप कागदोपत्री पुसला गेला, तेव्हा हाओदादाने नाव लिहिले. खाली 'विनम्र शिष्य हाओ ज्येमिन' असे कोरले. तो विनम्र शिष्य गुरुजींच्या नावाच्या निम्म्याहून मोठा आहे. कोणीही जाऊन मोजावे.

कलम ५. हाओदादाने आणलेला पेन्सिलीचा कागदही माझ्याकडे आहे, त्या चुकीच्या अक्षरासह. तो शिवणाच्या डब्यात, तळाच्या पुठ्ठ्याखाली आहे. बावन्न वर्षांत मी तो कोणाला दाखवलेला नाही. तो हाओ ज्येमिन यांना परत द्यावा. त्याची नक्कल काढू नये, फोटो घेऊ नये. त्याने तो जाळावा, की भिंतीवर लावावा, की गिळावा, हे त्याचे त्याने ठरवायचे आहे. मी ठरवले तर ते पुन्हा भिंतपत्रक होईल. तो माझ्याआधी गेला, तर कागद त्याच्यासोबत जाळावा.

कलम ६. माझ्या हातची साठ लेखने ट्रंकेत आहेत. हाओदादा आता जिल्ह्याच्या सुलेखन सभेचा अध्यक्ष आहे. गेल्या वर्षी तो फळांची टोपली घेऊन आला. जिल्हा सांस्कृतिक भवनात माझ्या नावाचे दालन करायचे ठरले आहे, असे म्हणाला. माहितीपत्रकही छापून आणले होते. त्यात एक वाक्य होते: 'कठीण काळात या दोघा शिष्यांनी गुरूचे अक्षर जपले.'

मी म्हटले, "दादा, दालनात ते भिंतपत्रकही लागेल."

त्याला वाटत होते, ते १९६६ सालीच वाऱ्याने गेले. त्याने टोपलीतले पेअर सारखे केले. मग म्हणाला, "त्या वेळी सगळ्यांनीच लिहिलं, सूयून. कोणाकोणाचं नाव घ्यायचं?"

"माझं."

"आणि मजकूर कोणाचा, असं कोणी विचारलं तर?"

"तर तू सांग."

"मी ऐंशी वर्षांचा आहे गं."

"गुरुजी एकसष्टचे होते," मी म्हटले.

टोपली ठेवून तो गेला. त्या दिवसानंतर फोन येतो, तो स्वतः येत नाही.

हुईलानही विरोधात होती. "आई, माझ्या सासरी काय सांगू मी? तुझा जावई शाळा तपासनीस आहे. लोक नातवंडांना विचारतील." मी सांगितले, लोक विचारतील ते मला विचारतील, आणि मी नसले तर भिंतीला. ती रागावून आठवडाभर आली नाही.

पण एक परवानगी मला हवी होती, आणि ती ना सभेची ना मुलीची. गुरुजींची मुलगी मू वेइशिन शेजारच्या गावी असते. आयुष्यभर दवाखान्यात परिचारिका होती. १९६६ मध्ये ती अकरा वर्षांची होती आणि वडील वाचत होते तेव्हा त्या गर्दीत होती. मी बसने गेले, नळी कपड्यात गुंडाळून. तिने दार उघडले, मला ओळखले, आणि आत ये असे म्हणायला थोडा वेळ लावला.

जमिनीवर ताव पसरले आणि त्या सकाळी म्हातारी काय म्हणाली तेही सांगितले. तिने चष्मा लावून सगळे वाचले, वाकून, प्रत्येक ओळ. मग म्हणाली, "अक्षर छान आहे."

मी तावांचे कोपरे दाबून धरले.

"याचाच राग येतो मला, ताई. घाणेरडं अक्षर असतं तर मी केव्हाच विसरले असते. माफी मागायला आलीस?"

"नाही. विचारायला आले. हे माझ्या नावाने भिंतीवर लावू का?"

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर आत्ता तुझ्या शेगडीत घालू. तुझ्यासमोर."

ती उठली. मला वाटले शेगडी पेटवायला गेली. ती पाण्याचे दोन पेले घेऊन आली. "जाळलंस तर तू सुटशील," म्हणाली. "लाव. पण असं नुसतं नाही. येणारा हेच वाचेल, आणि अक्षर बघून त्या म्हातारीसारखं खरं मानेल. यात काय खोटं आहे ते लिही. झोळीचं लिही. मनगटाचं लिही. आणि ह्याच मापात लिही, खाली बारीक चिठ्ठी नको."

"माझा हात थरथरतो आता."

"दिसतंय मला. मी परिचारिका होते."

मी घरी आले आणि लिहायला बसले. चार महिने लागले. पहिले अकरा ताव फुकट गेले. एक दिवस हुईलान दार ढकलून आत आली, माझी धडपड पाहिली, पर्स खुंटीला अडकवली आणि न बोलता कागदाचे वरचे टोक धरून उभी राहिली. एक अक्षर झाले की ती कागद पुढे ओढायची. तिसऱ्या दिवशी ती वाचत होती, हे मला तिच्या हातावरून कळले, कारण कागद ओढायचा थांबला. "आई, दोनदा?" तिने विचारले. मी हो म्हटले. तिने कागद ओढला.

दुसरे भिंतपत्रक चैत्रात पुरे झाले. त्यात काय लिहिले ते इथे पुन्हा लिहीत नाही. ते वाचण्यासाठीच लिहिले आहे. अक्षर सरळ नाही. आडव्या रेघा जुन्या कुंपणासारख्या हलल्या आहेत. वेइशिनला नेऊन दाखवले. तिने एका ठिकाणी तारीख दुरुस्त करायला लावली, ती केली. तिला माफी मी मागितली नाही आणि तिने दिली नाही. जेवून जा म्हणाली. मी जेवले.

सबब माझी इच्छा अशी:

सांस्कृतिक भवनाला साठ लेखने हवी असतील, तर ही दोन्ही भिंतपत्रके दालनात समोरच्या भिंतीवर, एकाच उंचीवर, शेजारी शेजारी लावावीत. एक लावून दुसरे बाजूला ठेवू नये. दुरुस्तीसाठी, रंगकामासाठी किंवा पाहुणे येणार म्हणून ती उतरवू नयेत. दालनाच्या दारावर कोणा अधिकाऱ्याने पाटी लिहू नये. मागे आमच्या जिल्ह्याच्या एका प्रमुखांना स्वतःचे अक्षर फार आवडे. पूल, बाजार, सार्वजनिक संडास, सगळीकडे त्यांची पाटी. ते तुरुंगात गेले त्या आठवड्यात गवंडी छिन्नी घेऊन गावभर फिरत होते, आणि संडासाची पाटी कोणी खरवडली नाही कारण तिथे शिडी लागेना. माझ्या दालनाच्या दारावर छापील अक्षरे चालतील. मू गुरुजींचे छायाचित्र कोठेही लावू नये, ही वेइशिनची अट आहे आणि ती माझीही आहे.

यातले एक जरी मान्य नसेल, तर भवनाला काही देऊ नये, अर्धेही नाही. साठही लेखने गावच्या शाळेला द्यावीत. पाठीमागची बाजू कोरी आहे, मुलांना सरावाला होईल. आणि दोन भिंतपत्रके ख्वांग यांच्या दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर लावावीत. मी त्यांना विचारले आहे. ते म्हणाले, "लावा की. रांगेत उभं राहून लोक कंटाळतात, वाचतील तरी." ऊन लागून ती विटली तरी चालेल, पण दोन्ही एकत्र विटली पाहिजेत.

कलम ७. गुरुजींनी मला दिलेला शाई उगाळायचा दगड मू वेइशिनला द्यावा. मी हे तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मी कधी कुंचला धरला नाही. त्यात काय मिरच्या वाटू?" वाटाव्यात. दगड तिच्या घरचा आहे, तिच्या घरी जावा.

कलम ८. मला माझ्या यजमानांशेजारी ठेवावे. पांढऱ्या कापडावर माझ्या स्तुतीची वाक्ये लिहून टांगू नयेत. सुलेखन सभेने पुष्पचक्र पाठवले तर घ्यावे, भाषण घेऊ नये. हाओदादा आला तर त्याला खुर्ची द्यावी आणि गरम चहा द्यावा. त्याचे गुडघे वाईट आहेत.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी फंग हुईलान हिने करावी. तिने ते कबूल केले आहे. कबूल करताना ती म्हणाली, "तुझ्या जावयाला मी सांगेन. तुझ्या भाषेत नाही, माझ्या भाषेत." ते मला मान्य आहे. साठ लेखनांपैकी एकही ती आठवण म्हणून स्वतःकडे ठेवणार नाही, हेही तिनेच होऊन सांगितले.

कलम १०. कायद्याने हे मृत्युपत्र माझ्या हस्ताक्षरात असायला हवे, म्हणून ते माझ्या हस्ताक्षरात आहे. पण ते मी मुद्दाम शाळेच्या रेघी कागदावर, बॉलपेनने, घाईघाईत लिहिले आहे. यात एकही अक्षर बघण्यासारखे नाही. कोणी ते चौकटीत घालून टांगू नये, कोणी त्यापुढे उभे राहून वळणाचे कौतुक करू नये. वाचावे आणि सांगितले आहे तसे करावे.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, खाली सही केली आणि लाल शाईने अंगठा उठवला.

श्वे सूयून
ठिकाण: कागदवाली गल्ली, लियूछ्याओ
दिनांक: ९ मे २०१८

आम्ही खालील साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रात काहीही मिळणार नाही, सांगतो की श्वे सूयून यांनी हे आमच्यासमोर मोठ्याने वाचले, कोठेही अडखळल्या नाहीत, आणि मग सही केली.

साक्षीदार १: न्ये यूछांग, निवृत्त टपाल कर्मचारी
साक्षीदार २: ताओ पिंगरू, औषध विक्रेत्या